तंत्र आपल्या घरच्या धर्मात नेमकं कुठं बसतं? (सांगलीतल्या वाचनगटासाठी)

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. विश्रामबागेत आमचा छोटासा वाचनगट आहे. नवरात्राआधीचे चार रविवार 'तंत्र' हा विषय घ्यायचं ठरलं आणि लगेच दोन तट पडले. एका तटाच्या लेखी तंत्र म्हणजे लिंबू, काळी बाहुली, अमावस्या आणि एसटी स्टँडच्या भिंतीवरची 'चोवीस तासांत वशीकरण'वाली जाहिरात. दुसऱ्या तटाच्या लेखी ते वेदांच्याही वरचं गुप्त ज्ञान, आणि पुरावा काय, तर सात चक्रं सात रंगांचे व्हिडिओ.

विचारायचंय ते असं. तंत्र वैदिक परंपरेच्या आतलं की बाहेरचं? आपल्या घरच्या पूजाअर्चेत त्याचा काही भाग आहे का, असला तर कुठला? नाथपंथाशी त्याचं नातं काय? शिवाय गटातल्या दोघांना देवीच्या नऊ अक्षरी नवार्ण मंत्राचा जप धरायचाय, आणि एकांनी तांब्याचं श्रीयंत्र आणून ठेवलंय. त्यांना काय सांगावं? मोघम तत्त्वज्ञान नको, हाताला लागेल असं सांगा.


पाठशाळेचा कट्टा (वाई)

पहिल्या रविवारी तंत्रावरचं एकही पुस्तक उघडू नका. गणपती अथर्वशीर्ष घ्या. सांगलीत ते कुणाला पाठ नाही असं घर मिळणं अवघड. 'गणादिं पूर्वमुच्चार्य वर्णादिं तदनन्तरम्' इथून पुढच्या ओळी सावकाश वाचा. आधी ग, मग अ, मग अनुस्वार, वर अर्धचंद्र, म्हणजे 'गं' हे बीज (देवतेचा एकाक्षरी मंत्र) कसं तयार होतं त्याची ही कृती आहे. बीज उघड न लिहिता त्याचे वर्ण असे एकेक करून सांगायचे, याला मंत्रोद्धार म्हणतात आणि तंत्रग्रंथांत तो पानोपानी भेटतो. त्याच अथर्वशीर्षात 'त्वं मूलाधारस्थितोऽसि नित्यम्' आहे. मूलाधार हे चक्राचं नाव. एकवीस आवर्तनं करणारा माणूस हे एकवीसदा म्हणतो आणि वर 'आमच्यात तंत्र-बिंत्र नसतं' असंही म्हणतो!

मग रामरक्षा. सुरुवातीला ऋषी बुधकौशिक, छंद अनुष्टुप, देवता सीतारामचंद्र, शक्ती सीता, कीलक हनुमान. ऋषी, छंद, देवता ही त्रयी वैदिक सूक्तांनाही असते. शक्ती आणि कीलक मात्र तांत्रिक मंत्रपद्धतीतून आलेत. पुढे 'शिरो मे राघवः पातु, भालं दशरथात्मजः' असं डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवावर रामाचं एकेक नाव ठेवत जायचं. हे कवच. स्वतःच्या देहावर देवता बसवल्याशिवाय देवतेची पूजा करायची नाही, हा तंत्राचा पायाच आहे आणि रामरक्षेत तो लहान मुलांच्या तोंडी आहे.

तिसरं उदाहरण सातारा जिल्ह्यातलंच. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार घराघरांत आणि शाळाशाळांत नेले. त्यातले मंत्र आठवा: ॐ ह्रां मित्राय नमः, ॐ ह्रीं रवये नमः, मग ह्रूं, ह्रैं, ह्रौं, ह्रः. सहा बीजं आणि बारा नावं, म्हणून बीजं दोनदा फिरतात. हीच सहा दीर्घ स्वरांची माळ षडंगन्यासात वापरतात. न्यास म्हणजे मंत्र म्हणत एकेका अवयवाला हात लावून तिथं देवता बसवणं, षडंग म्हणजे सहा अंगांवर.

न्यास प्रत्यक्ष कसा करायचा ते लिहितो, कारण पोथीत शब्द असतात, हात नसतात. आधी करन्यास. दोन्ही तर्जनी अंगठ्यांवरून फिरवून 'अंगुष्ठाभ्यां नमः'. नंतर अंगठा तर्जनी, मधलं बोट, अनामिका, करंगळी यांवरून क्रमानं फिरवत जायचा आणि शेवटी तळहात व त्यांची पाठ, 'करतलकरपृष्ठाभ्यां नमः'. मग हृदयादी न्यास. उजवा हात छातीवर, 'हृदयाय नमः'. डोक्यावर, 'शिरसे स्वाहा'. मूठ करून अंगठा शेंडीच्या जागी, 'शिखायै वषट्'. हात एकमेकांवरून ओलांडून विरुद्ध खांद्यांवर, 'कवचाय हुम्'. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका उजवा डोळा, भ्रूमध्य, डावा डोळा यांना लावून 'नेत्रत्रयाय वौषट्'. शेवटी उजवा हात डोक्याभोवती फिरवून तर्जनी आणि मधल्या बोटानं डाव्या तळहातावर टाळी, 'अस्त्राय फट्'.

बहुतेक ठिकाणी बिघडतं ते कवचाला. हात ओलांडले जात नाहीत, नुसते दोन्ही खांद्यांना टेकवतात. दुसरी चूक घाईची: तोंड नेत्रापर्यंत पोचलेलं असतं आणि हात अजून डोक्यावर. जिथे बोट तिथे मन, तिथेच शब्द, हे जमत नसेल तर न्यास म्हणजे नुसती हातवाऱ्यांची कवायत.

न्यासाआधी भूतशुद्धी, म्हणजे देहातल्या पाच तत्त्वांची शुद्धी, असते. पाय ते गुडघे पृथ्वी (लं), गुडघे ते नाभी जल (वं), नाभी ते हृदय अग्नी (रं), हृदय ते भ्रूमध्य वायू (यं), त्याच्या वर आकाश (हं). खालचं तत्त्व वरच्यात विरवत न्यायचं, जुना देह सुकवायचा, जाळायचा, अमृतानं भिजवून नवा उभा करायचा, हे सगळं मनात. सोबतच्या प्राणायामाचं प्रमाण (श्वास घेणं, रोखणं, सोडणं) १:४:२, म्हणून पोथ्यांत १६-६४-३२ मात्रा असतात. ते आकडे बघून नवशिके चौसष्ट मात्रा श्वास कोंडून बसतात आणि गरगरतं. सुरुवात ४-१६-८ ने करा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, अजिबात नको, नुसतं स्मरण पुरे.


खडूफळा (मिरज)

वरच्या हिशोबानं बीज दिसलं की तंत्र, न्यास दिसला की तंत्र. मग उरलं काय? सत्यनारायणसुद्धा तांत्रिकच म्हणा.


मीमांसक (सातारा)

खडूफळा, सत्यनारायण पुराणोक्त. पण आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य करत सोळा उपचारांनी मूर्तीची पूजा करणं श्रौत यज्ञात कुठं आहे? यज्ञाला वेदी असते, अग्नी असतो, मूर्ती नसते, देऊळ नसतं. मूर्ती, देऊळ, प्राणप्रतिष्ठा, रोजची पूजा या सगळ्याचं शास्त्र प्रामुख्यानं आगमांनी, म्हणजे तंत्रपरंपरेतल्या ग्रंथांनी, लिहून काढलं. शैव सिद्धांताचे २८ मूळ आगम, वैष्णवांच्या पांचरात्र संहिता, शाक्तांची तंत्रं. आगमाचे चार पाद असतात: ज्ञान, क्रिया, योग, चर्या. त्यातल्या क्रियापादात देवळाच्या जागेच्या परीक्षेपासून कलशारोहणापर्यंत सगळं येतं. श्रीरंगमला आजही पांचरात्र चालतं. तिरुमलेला वैखानस ही वैष्णवांची दुसरी पद्धत, आणि वैखानस मंडळी स्वतःला ठासून वैदिक म्हणवतात, तांत्रिक म्हटलेलं त्यांना खपत नाही. केरळात देवळाच्या मुख्य आचार्याला सरळ 'तंत्री' म्हणतात. आपल्याकडे आगमांची शिस्त पातळ आहे. गुरव पूजा करतात ती बरीचशी वहिवाटीनं.

आतलं की बाहेरचं, या प्रश्नावर परंपरेतच एकमत नाही, आणि तेच गटाला सांगा. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकावर टीकाकार कुल्लूकभट्ट हारीत या स्मृतिकाराचं वचन देतो: श्रुती दोन प्रकारची, वैदिकी आणि तांत्रिकी. भागवताच्या अकराव्या स्कंधात, सत्ताविसाव्या अध्यायात, कृष्ण उद्धवाला पूजेचे तीन प्रकार सांगतो: वैदिक, तांत्रिक आणि मिश्र. संत एकनाथांनी त्याच स्कंधावर मराठी टीका केली, त्यामुळे हा भाग संस्कृत न येणाऱ्यालाही वाचता येतो. आता दुसरी बाजू. मीमांसेचा आचार्य कुमारिल भट्टानं पांचरात्र (वैष्णव) आणि पाशुपत (शैव) मतांना प्रमाण मानलं नाही. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात दुसऱ्या पादात पाशुपतमत खोडलं आणि पांचरात्राचा काही भाग मान्य, काही अमान्य केला. त्याला उत्तर म्हणून यामुनाचार्यांनी आगमांच्या प्रामाण्यावर वेगळा ग्रंथच लिहिला. एका घरातली भांडणं ही.

भेद कुठं पडतो? अधिकारात. वेदाध्ययन उपनयनावर अवलंबून, म्हणून ते तिन्ही वर्णांच्या पुरुषांपुरतं. तंत्रात दार उघडतं ते दीक्षेनं. तत्त्वतः ते स्त्रियांना आणि शूद्रांनाही खुलं आहे. काश्मीरच्या स्वच्छंदतंत्रात तर दीक्षितांची आधीची जात काढणं पाप म्हटलंय. सगळीकडे असं झालं असं मात्र नाही, सिद्धांती शैवांनी दीक्षेनंतरही जातीच्या रांगा ठेवल्याच. वेदोक्त-पुराणोक्ताच्या वादाची धग कोल्हापुरानं सोसलीय, त्यामुळे आपल्या भागातल्या वाचकाला हा मुद्दा फोड करून सांगावा लागणार नाही.

आणि महाराष्ट्रातलं सगळ्यांत ठळक उदाहरण शिवाजी महाराजांचं. गागाभट्टांच्या पौरोहित्याखाली वैदिक राज्याभिषेक ६ जून १६७४ ला झाला. त्यानंतर २४ सप्टेंबर १६७४ ला, आश्विन शुद्ध पंचमीला म्हणजे ललितापंचमीला, निश्चलपुरी गोसावी यांनी रायगडावरच दुसरा, तांत्रिक अभिषेक केला. पहिल्या विधीत देवतांचं, पीठांचं करायचं ते राहून गेलं, असा निश्चलपुरींचा आक्षेप होता. एका राजानं चार महिन्यांत दोन्ही पद्धतींचे अभिषेक करवून घेतले आणि त्यात कुणाला विसंगती वाटली नाही. दुसऱ्या रविवारचा अर्धा तास एवढ्यावरच जाईल.


माणदेशी (आटपाडी)

नाथपंथाचं मी सांगतो. वाळवा तालुक्यात मच्छिंद्रगड आहे, वर मच्छिंद्रनाथांचं देऊळ. बत्तीस शिराळ्यात गोरक्षनाथांचं देऊळ, तिथली नागपंचमी सगळ्यांना ठाऊक. म्हणजे विषय तुमच्या जिल्ह्यातच उभा आहे, काश्मीरला जायची गरज नाही. पण काश्मीरचा धागा आहेच. काश्मीरचा शैव आचार्य अभिनवगुप्त (दहावं-अकरावं शतक) तंत्रालोक या सदतीस आह्निकांच्या (प्रकरणांच्या) ग्रंथाच्या सुरुवातीलाच 'मच्छंद' विभूला नमस्कार करतो. हेच मत्स्येंद्रनाथ. कौलज्ञाननिर्णय हा योगिनीकौल परंपरेचा (कौल ही तंत्राची एक शाखा) ग्रंथ त्यांच्याच नावावर आहे. म्हणजे कौल तंत्राच्या आद्य आचार्यांत ज्यांची गणना होते, त्यांच्याच नावानं आपल्याकडे गड आहे. गोरखनाथांकडे आल्यावर त्या परंपरेतला स्त्री-मद्याचा बाह्याचार बाजूला पडला आणि देहातली साधना, हठयोग, ठळक झाला.

पुढची साखळी ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात दिलीय: आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती. आणि सहाव्या अध्यायात (ग्रंथ शके १२१२, म्हणजे १२९० चा) कुंडलिनीचं वर्णन येतं. कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिल्लू वेटोळं घालून निजावं तशी ती 'औट वळणी', म्हणजे साडेतीन वेढ्यांची. गीतेच्या मूळ श्लोकांत हे काही नाही. माउली स्वतःच सांगतात, 'पिंडें पिंडाचा ग्रासु' हा नाथसंकेतातला दंश, म्हणजे मर्म, आहे, महाविष्णूनं नुसता उद्देश दाखवून दिला. गीतेवर बोलता बोलता स्वतःच्या गुरुघराची विद्या उघड केलीय. वारकऱ्याच्या हातातल्या पोथीत तंत्र शोधायचं तर ते इथं. दाभोळजवळ पन्हाळेकाजीच्या लेण्यांत वज्रयान (बौद्धांचा तांत्रिक पंथ) आणि नाथपंथ एकाच ठिकाणी एकामागून एक दिसतात, तो फोटोसंच मिळाला तर दाखवा.

आता देवऋषी. अंगात येणं, उतारा टाकणं, करणी काढणं, साती आसरा, मरीआई, हे लोकदैवतांचं जग. खरसुंडी-म्हसवडच्या सिद्धनाथाला भैरवाचं रूप मानतात, म्हणजे दोन्हीकडची दैवतं एकमेकांत मिसळलीयत हे खरं. पण देवऋष्याला दीक्षा नसते, ग्रंथ नसतो, पुरश्चरण (मंत्राचा ठरावीक संख्येचा जप) नसतं. त्याचं त्याच्या देवाशी थेट खातं. त्याला 'तांत्रिक' म्हटलं की दोघांवरही अन्याय होतो. मात्र तंत्रग्रंथ धुतल्या तांदळासारखे आहेत असंही गटाला सांगू नका. शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन, मारण ही षट्कर्मं त्यांत लिहिलेली आहेत, तिथी, दिशा, आसन, माळेच्या मण्यांसकट. पहिलं सोडलं तर बाकीची पाच आडवाटेची. जाहिरातवाल्यांनी सगळ्या वाङ्मयातून नेमकी तीच उचलली.


ॐकारी (कराड)

चक्रांबद्दल थोडक्यात. सहा चक्रं आणि वर सहस्रार ही जी यादी सर्वत्र दिसते ती मुख्यतः पूर्णानंदांच्या १५७७ च्या षट्चक्रनिरूपणातली. तिचं इंग्रजी भाषांतर कलकत्ता हायकोर्टाचे न्यायाधीश जॉन वुड्रॉफ यांनी १९१९ मध्ये छापलं आणि जगभर तीच एकमेव यादी झाली. जुन्या तंत्रांत कुठं पाच, कुठं सहा, कुठं नऊ, कुठं त्याहून जास्त. चक्रं मोजून सापडायची वस्तू नाही, ज्या परंपरेची साधना तिची मांडणी.

पाकळ्या मोजून बघा: ४, ६, १०, १२, १६, २. बेरीज ५०, संस्कृत वर्णमालेइतकी. प्रत्येक पाकळीवर एक अक्षर. आधी मातृका, म्हणजे अक्षरं, मग कमळ. इंद्रधनुष्याचे सात रंग मात्र विसाव्या शतकातली पाश्चात्त्य भर आहे. पूर्णानंदांकडे आज्ञाचक्र चंद्रासारखं पांढरं आहे आणि मणिपूर ढगासारखं काळसर. त्या दोन चक्रांना जांभळं-पिवळं काही नाही. व्हिडिओवाल्या तटाला एवढं पुरे.


कृष्णाकाठ (सांगली)

अपेक्षेपेक्षा फार जास्त मिळालं, सगळ्यांचे आभार. नवार्ण आणि श्रीयंत्राचं राहिलं. ते यंत्र पुढच्या आठवड्यात देवघरात बसवणार म्हणतायत. आणि गटातल्या ताईंचा प्रश्न: मद्य-मांसाचं जे ऐकतो ते खरं का?


गोमुखी (मिरज)

आधी आकडे, मग अधिकार.

पुरश्चरणाचा सर्वसाधारण नियम अक्षरलक्ष. मंत्रात जितकी अक्षरं तितके लाख जप. 'नमः शिवाय' पाच अक्षरं, ५,००,००० जप. त्याच्या दशांश होम ५०,०००, त्याच्या दशांश तर्पण ५,०००, मार्जन ५००, ब्राह्मणभोजन ५०. माळ १०८ ची असली तरी १०० च धरायचे, आठ चुकभूल म्हणून सोडायचे. म्हणजे ५,००० माळा. एक माळ तीन मिनिटांची धरली आणि रोज ५० केल्या तर रोज अडीच तास, शंभर दिवस. होम झेपत नसेल तर होमसंख्येच्या दुप्पट जप जादा, काही ग्रंथांत चौपट. नवार्ण नऊ अक्षरांचा (ऐं ह्रीं क्लीं चा मुं डा यै वि च्चे, सुरुवातीचा ॐ मोजणीत नाही). अक्षरलक्षानं नऊ लाख, काही पद्धतिग्रंथ चार लाखांवर थांबतात.

पुरश्चरणं मोडतात ती तीन कारणांनी. पहिल्या उत्साहात शंभर माळा, मग वीस, मग खाडा. रोजची संख्या सारखी हवी, कमी ठेवा पण सारखी ठेवा. दुसरं, शेवटी संख्या गाठायला वेग वाढतो आणि 'ह्रीं'चं 'हरिम', 'क्लीं'चं 'क्लिम', 'विच्चे'चं 'विच्चै' होतं. दीर्घ ई गेली की ते बीज राहत नाही. तिसरं, माळ. अंगठा आणि मधलं बोट वापरायचं, तर्जनी लावायची नाही, मेरुमणी (माळेच्या टोकाचा मणी) ओलांडायचा नाही, तिथून उलटं फिरायचं, माळ गोमुखीत, म्हणजे जपाच्या पिशवीत, झाकलेली.

अधिकाराचं: बीजमंत्राचं पुरश्चरण गुरुमुखाशिवाय, छापील पुस्तकातून करू नये हे मी तरी ठामपणे सांगेन. सप्तशतीचं अंग म्हणून नवार्ण म्हणणं वेगळं. सप्तशती म्हणजे मार्कंडेय पुराणातले देवीचे तेरा अध्याय, सातशे मंत्र. क्रम: कवच, अर्गला, कीलक, नवार्ण १०८, तेरा अध्याय, पुन्हा नवार्ण १०८, मग रहस्यत्रय, म्हणजे शेवटची तीन 'रहस्य' प्रकरणं. हा पाठ आपल्याकडे घरोघर चालतो. सवय नसेल तर सगळं मिळून तीन तास धरा. अध्यायाच्या मध्ये उठायचं नाही, उठावं लागलं तर तो अध्याय पहिल्यापासून. सगळं एका दिवसात होत नसेल तर चरित्रं पाळा: पहिला अध्याय प्रथम चरित्र, २ ते ४ मध्यम, ५ ते १३ उत्तर. एकच करायचं तर फक्त मध्यम चालतं, पहिलं किंवा तिसरं सुटं म्हणायचं नाही, हे वैकृतिक रहस्यातच सांगितलंय. त्या दोघांना या नवरात्रात मध्यम चरित्र धरायला सांगा. तीन अध्याय, झेपतात.

आता श्रीयंत्र. बसवण्यापूर्वी मोजून घ्या. बाजारात मशीनवर ठोकलेली जी पातळ तांब्याची पत्री मिळते, तिच्यात निम्म्याहून जास्त वेळा रेघा चुकलेल्या असतात. मोठे त्रिकोण नऊ, चार वर टोक असलेले (शिव), पाच खाली (शक्ती). त्यांच्या छेदांतून लहान त्रिकोण बाहेरून आत १४, १०, १०, ८ आणि मधला १, एकूण ४३ यायला हवेत. चाळीस किंवा पंचेचाळीस आले तर ते नक्षीकाम. दुसरी खूण मर्मस्थानं: तीन रेघा जिथं भेटतात तिथं एकाच बिंदूत भेटल्या पाहिजेत. भिंगातून बघा, स्वस्त यंत्रात तिथं इवलासा जादा त्रिकोण उगवलेला दिसतो. बाहेर आठ पाकळ्या, त्याबाहेर सोळा, मग चार दारांचा तीन रेघांचा भूपुर (बाहेरचा चौकोन). बहुतेक परंपरांत मधल्या त्रिकोणाचं टोक पूजकाकडे येतं. भिंतीवर उलटं टांगलेलं मी मोजत नाही.

आणि नवावरण पूजा दीक्षितांची. भूपुरातल्या त्रैलोक्यमोहन चक्रापासून बिंदूतल्या सर्वानंदमय चक्रापर्यंत नऊ आवरणं, प्रत्येकाच्या देवता, मुद्रा वेगळ्या. दीक्षा नसलेल्यानं यंत्रावर ललितासहस्रनामानं कुंकुमार्चन करावं, त्याला सहसा कुणी हरकत घेत नाही. या सहस्रनामावरचं मोठं भाष्य, सौभाग्यभास्कर, अठराव्या शतकातल्या भास्कररायांचं.


ललिता (सातारा)

ताईंच्या प्रश्नाला उत्तर: हो, खरं आहे. मद्य, मांस, मत्स्य, मुद्रा (इथं अर्थ भाजलेलं धान्य) आणि मैथुन, कौल ग्रंथांत हे पाच प्रत्यक्ष वापरायचे सांगितलेत. सगळं प्रतीकात्मकच होतं असं नंतरचे लोक सांगतात ते सोयीचं आहे, खरं नाही. पण ते ठरावीक दीक्षितांसाठी, ठरावीक प्रमाणात, मंत्रानं शोधून. दक्षिणाचारात, म्हणजे तंत्राच्या सोवळ्या वाटेत, अनुकल्प (बदली वस्तू) वापरतात. काशाच्या भांड्यातलं नारळपाणी किंवा तांब्याच्या भांड्यातला मध, हे मद्याच्या जागी. गंमत म्हणजे धर्मशास्त्र याच दोन गोष्टी 'मद्यतुल्य' म्हणून प्यायला मनाई करतं. निषेध आणि विधी दोन्ही एकाच वाक्यातून निघाले!

आपल्याकडे नवचंडीच्या शेवटी कोहळा कापतात, वास्तुशांतीला उडीदभाताचा बळी ठेवतात, तो याच हिशोबातला. कोहळा पशूच्या जागी.

कुंकुमार्चनाबद्दल गोमुखींच्या सांगण्यात भर. अंगठा, मधलं बोट आणि अनामिका, ही मृगी मुद्रा. तर्जनी-करंगळी बाहेर. हजार नावांना साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम कुंकू लागतं, आधीच वाटीत काढा, मध्ये पुडा फोडायला उठू नका. बाजारातलं रंग घातलेलं कुंकू यंत्राच्या रेघांत बसून निघत नाही आणि बोटं आठवडाभर लाल. सांगलीत हळदीला काय तोटा? हळकुंडं लिंबाचा रस आणि टाकणखारात मुरवून, सावलीत वाळवून दळलेलं कुंकू घ्या. रंग गडद तांबूस येतो, भडक येत नाही. अर्चन झाल्यावर यंत्र आधी कोरड्या मऊ ब्रशनं झाडा, मगच पाणी. आधी पाणी घातलं की चिखल होऊन रेघा बुजतात.


मीमांसक (सातारा)

भिंतीवरच्या जाहिरातीचं राहिलं. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला, त्याच महिन्यात अध्यादेश आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा आला. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड ५,००० ते ५०,००० रुपये. गुप्तधनासाठी अघोरी कृत्यं, करणी-भानामतीच्या नावानं छळ, साप किंवा कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता गंडादोरा करणं, हे सगळं त्याच्या अनुसूचीत आहे. असल्या जाहिरातबाजीलाही तो कायदा लागतो. पूजा, जप, यात्रा, कीर्तन, प्रवचन यांना त्याचा काही अडथळा नाही, त्यामुळे 'आमच्या धर्मावर बंदी' असं कुणी म्हटलं तर अनुसूची पुढे ठेवा.

दीक्षा घ्यायला कुणी निघालंच तर तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: परंपरा कुठली आणि गुरूंचे गुरू कोण, मूळ ग्रंथ कुठला, पुरश्चरण किती. या तिन्हींची उत्तरं न देता आधी फोटो, जन्मवेळ आणि आगाऊ रक्कम मागितली तर तिथूनच परत फिरा.


खडूफळा (मिरज)

मान्य. पण चार रविवारांत हे सगळं कोंबू नका राव. मी तरी अथर्वशीर्ष आणि न्यास एका रविवारी, वैदिक-तांत्रिक वाद आणि रायगडचा दुसरा अभिषेक दुसऱ्या, ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय तिसऱ्या रविवारी असं लावेन. चौथ्या रविवारी सकाळी लवकर निघून गट मच्छिंद्रगडावर न्या, तिथून शिराळ्याला गोरक्षनाथ. श्रीयंत्रवाल्यांना भिंग घेऊन यायला सांगा, गाडीत मोजून होईल.